दोन विहिणी आणि शेवटचा जोर

माझ्या धंद्यात माणसाला जोर लावायला शिकवावं लागत नाही. ती हौस प्रत्येकाला असतेच. शिकवावं लागतं ते जोर आवरायला, आणि त्या शिकवणीला गिऱ्हाईक नसतं.

मी मूळचा महापालिकेच्या शाळेतला पी.टी.चा शिक्षक. निवृत्त झालो आणि डिलाईल रोडला एक छोटी जिम चालवायला घेतली. जिम पहिल्या मजल्यावर, खाली पिठाची गिरणी. खालून घरघर, वरून खणखण. दळण घेऊन आलेली एखादी नवीन बाई मान वर करून विचारते, "वर काय दळतात हो?" गिरणीवाला गंभीरपणे सांगतो, "माणसं." मोठ्या जिममध्ये पकड सुटू नये म्हणून हाताला पांढरी पावडर लावतात. आमच्याकडे सगळ्या वजनांवर ती आपोआप बसलेली असते, फक्त ती गव्हाची असते आणि पकडीला तिचा काडीचा उपयोग नाही.

हल्ली फिटनेसच्या स्पर्धा निघाल्या आहेत. तेल लावून दंड दाखवायच्या नव्हेत, काम करून दाखवायच्या. जागेवरच्या मशीनवर बसून वल्हं मारायचं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचं, लाकडी खोक्यावर चढायचं-उतरायचं, चाकं नसलेली लोखंडी गाडी ढकलत न्यायची, आणि हे सगळं घड्याळ लावून. आमच्या लहानपणी रे रोडच्या वखारीत माणसं याच गोष्टी पोटासाठी करत आणि संध्याकाळी कंबर धरून ओट्यावर बसत. आता त्याला मेडल मिळतं. माझी तक्रार नाही. त्यावर माझी जिम चालते.

या स्पर्धांची तयारी करताना एक गोष्ट कळावी लागते. रोजचा जोर वेगळा, स्पर्धेचा वेगळा. रोज काहीतरी हातचं राखायचं. अजून दोन-तीनदा उचलता आलं असतं असं वाटतं, तिथेच वजन खाली ठेवायचं. शरीर व्यायाम करताना तयार होत नाही, नंतर जेवून झोपल्यावर होतं. सगळा जोर काढायचा तो वर्षातून एक-दोनदा, लोकांसमोर. हे मी फळ्यावर लिहून ठेवलंय. सगळे वाचतात, मान डोलावतात आणि लगेच दात-ओठ खात भलतंच काहीतरी उचलतात.

आमच्याकडे विमा कंपनीत काम करणारे एक पाटकर होते. ते रोजच फायनल खेळत. शेवटचं वजन उचलताना अशी आरोळी ठोकत की खाली दळणाच्या रांगेतली पोरं रडायला लागत. मी म्हणायचो, "पाटकर, थोडं शिल्लक ठेवा." ते म्हणायचे, "सर, मी अर्धवट काही करत नाही." स्पर्धेच्या दिवशी ते वॉर्मअपच्या जागी डोळे मिटून पडलेले दिसले. मला वाटलं, मन एकाग्र करतायत. त्यांचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तरी उठेनात. जवळ जाऊन बघतो तर गृहस्थ घोरत होते.

पण पाटकर एकटे होते. एकट्या माणसाला आवरता येतं. माझी खरी परीक्षा झाली ती दोन विहिणींमुळे.

समता ही माझी शाळेतली विद्यार्थिनी. लंगडीत तिला कोणी बाद करू शकत नसे. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे. एकदा तिचा फोन आला.

"सर, तुमच्याकडे दोन बायका पाठवतेय. एकीला शुगर आहे, एकीला बीपी आणि तिचे गुडघेही दुखतात. दोघींच्या डॉक्टरांशी मी बोललेय, व्यायामाला हरकत नाही. फक्त जरा सांभाळून घ्या."

"कोण आहेत?"

"एक माझी आई. आणि एक माझ्या सासूबाई."

"अरे वा. एकत्र येणार?"

मग ती म्हणाली, "ते त्यांना अजून माहीत नाहीये, सर."

समताच्या आई रत्नमाला तांबे. घर बौद्ध, सगळं आयुष्य वरळीच्या बीडीडी चाळीत गेलेलं. नवरा लवकर गेला. पालिकेच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करून मुलीला वाढवलं, शिकवलं, आणि सिस्टर म्हणूनच निवृत्त झाल्या. आता चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. बोलणं मोजकं, स्वच्छ आणि सुईसारखं. सासूबाई सुनंदा परब. घर लालबागचं, मूळ मालवणकडचं. सासरे मिलमध्ये, नवरा मिलमध्ये, मुलगा निखिल कॉम्प्युटरमध्ये. आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर रस्त्यावरचा रिकामा टॅक्सीवाला थांबेल. निखिल आणि समताने कोर्टात लग्न केलं. दोन्ही आया सही करताना हजर होत्या. फोटोत दोघीही कॅमेऱ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघतायत. त्यानंतर तीन वर्षं दोघींमध्ये एक शब्द वाकडा गेला नाही, कारण दोघी एकमेकींशी फक्त आदराने बोलत होत्या.

पहिल्या दिवशी सकाळी जिन्याखाली आवाज ऐकू आले म्हणून मी वरून डोकावलो.

"अगं बाई! विहीणबाई, तुम्ही इथे?" हा आवाज परबबाईंचा.

"हो ना. समता म्हणाली, शांत जागा आहे."

"मलाही शांतच म्हणाली."

"चढा ना. आधी तुम्ही."

"छे, छे, आधी तुम्ही."

"अहो, तुमचे गुडघे दुखतात म्हणे. सावकाश व्हा पुढे. मी मागून आहेच धरायला."

"माझे गुडघे? कोणी सांगितलं? तुम्हालाच शुगरची चक्कर येते ना? मी राहते मागे."

आमचा जिना अरुंद. या दोघी त्याच्या तोंडाशी, आणि मागे गव्हाचं पोतं डोक्यावर घेतलेला माणूस गिरणीच्या दारात अडकलेला. शेवटी तो म्हणाला, "मावशी, कोणीतरी एकजण चढा, नायतर मी चढतो." तेव्हा दोघी एकदम चढल्या आणि मधल्या पायरीवर अडकल्या.

वर आल्यावर मी दोघींच्या हातात कडी असलेला लहान लोखंडी गोळा दिला. दोन्ही हातांनी धरून खाली बसायचं आणि उठायचं, इतकंच. दोघींनी केलं, छान केलं. मी वळलो. मागे बघतो तर परबबाईंच्या हातात मोठा गोळा.

"हा कोणी दिला?"

"लहान जरा हलको वाटलो, मास्तर." मला मास्तर म्हणायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

परबबाई पाणी प्यायला गेल्या. तांबेबाईंनी शांतपणे त्याहून मोठा गोळा उचलला. मी काही म्हणणार तेवढ्यात म्हणाल्या, "सर, मी बेशुद्ध पेशंट उचललेत. हे तर निदान हात-पाय सोडून देत नाही."

पुढचे काही दिवस हेच. एक पायरीवर चढली की दुसरी खोक्यावर. एकीने वल्ह्याच्या मशीनवर आकडा केला की दुसरी चष्मा पुसून तो आकडा वाचून घ्यायची. तोंडाने मात्र गोडवा. "तुम्हाला त्रास होईल हो, विहीणबाई." "मला कसला? तुमचाच चेहरा लाल झालाय." मी 'बस' म्हणालो की दोघी एकमेकींकडे बघत, आणि आधी थांबायला कोणीच तयार नसे.

आठवड्याच्या शेवटी समताचा फोन आला. "सर, तुम्ही काय करून घेताय? आईचा हात वर जात नाहीये, शेजारची बाई येऊन वेणी घालून देते. आणि सासूबाई कमोडवर बसताना आणि उठताना दोन्ही वेळेला देवाचं नाव घेतायत. विचारलं तर दोघी म्हणतात, काही नाही, विहीणबाईंना विचार, त्यांनाच झेपत नाहीये."

मी दोघींना समोर बसवलं आणि शिक्षकाच्या आवाजात नियम सांगितला. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात सोपी कसोटी आहे. घड्याळ नको, मशीन नको. व्यायाम करता करता एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं, तर रोजच्यापुरता जोर बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की जास्त होतंय. "म्हणून यापुढे," मी म्हणालो, "मी 'वाक्य' म्हटलं की पूर्ण वाक्य बोलायचं. बोलता आलं नाही तर वजन खाली."

"कसलं वाक्य?" तांबेबाई.

"काहीही. मनात येईल ते."

त्यांच्या मनात तीन वर्षांचा साठा होता, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

"वाक्य!"

परबबाई खोक्यावर चढत म्हणाल्या, "आमच्याकडे सुनेला सकाळी उठवायला लागत नाय, कारण ती उठतच नाय."

"वाक्य!"

तांबेबाई वजन धरून उठत म्हणाल्या, "आमच्या समताला रात्री जागून अभ्यास करायची सवय होती, म्हणून ती आज कमावते आणि तिचा नवरा वेळेवर जेवतो."

"वाक्य!"

"आमच्या निखिलला लहानपणापासून माशाच्या कढीशिवाय घास उतरत नाय, पण आता तो पास्ता खातो आणि छान म्हणतो, बिचारा."

"वाक्य!"

"छान म्हणतो, कारण छान असतो."

बाकीचे लोक आपापली वजनं खाली ठेवून ऐकायला लागले. एक-दोघांनी आपली वेळ बदलून सकाळची करून घेतली. पण कसोटी तर काम करत होती. टोमणा नीट मारायचा म्हणजे दम राखायला हवा. धापा टाकत मारलेला टोमणा वाया जातो, हे दोघींना बरोबर कळत होतं. पाटकरांना मी जे शिकवू शकलो नाही ते या दोघी आपसूक शिकल्या. हात वर जायला लागला, देवाचं नाव देवापुरतं उरलं. महिन्या-दोन महिन्यांनी वाक्यंही बदलली. परबबाईंनी एकदा खोक्यावरून विचारलं, "तुमचे मिस्टर गेले तेव्हा समता केवढी होती हो?" आणि तांबेबाईंनी चार-पाच वाक्यांत सगळं सांगितलं, मधे दोनदा वजन खाली ठेवून. त्या दिवशी मी 'वाक्य' म्हणालोच नाही.

तेवढ्यात दादरच्या एका हॉलमध्ये फिटनेसची स्पर्धा आहे असं कळलं. त्यात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी जोडीचा गट होता. माझ्या मनात आलं, इतके दिवस एकमेकींविरुद्ध लावलेला जोर एका बाजूने लावला तर? दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनी अगदी एकच उत्तर दिलं, "मला काय, विहीणबाईंना झेपत असेल तर." मी नावं देऊन टाकली.

आणि मग ते झालं.

त्या दिवशी परबबाई फॉर्मात होत्या. वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता सांगत होत्या, की सोमवारचा त्यांचा उपास असतो तरी व्यायाम चुकत नाही, साबुदाणा खाऊन येतात, अंगाला उपास मानवतो वगैरे. मी सवयीने तांबेबाईंकडे वळून म्हणालो, "वाक्य!"

त्या मशीनवर वल्हं मारत होत्या. हात थांबला नाही, आवाज चढला नाही. म्हणाल्या, "लग्न ठरवायला आमच्याकडे आला होतात तो तुमचा उपास सुटला का हो, विहीणबाई?"

खालची गिरणीसुद्धा नेमकी त्या क्षणी बंद होती.

परबबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी दुसरी पिशवी उचलली. एक खांद्यावर असताना दुसरी. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्या दोन्ही घेऊन पार टोकापर्यंत गेल्या, पिशव्या धाडकन टाकल्या, चप्पल घातली आणि जिना उतरून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला.

"मास्तर, माझो गुडघो दुखता."

"कुठला?"

म्हणाल्या, "दोनय."

तांबेबाई मात्र रोज वेळेवर येत, एकट्या व्यायाम करत आणि जात. एकदा बूट बांधता बांधता म्हणाल्या, "सर, मी खोटं बोलले का?"

"नाही."

"त्या दिवशी मी सकाळपासून चार पदार्थ केले होते. भाऊ म्हणाला, हॉटेलातून मागव. म्हटलं, नाही, घरचं. या आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, आज माझा उपास आहे. चहा? चहाही चालत नाही. पाणीसुद्धा पर्समधून आणलेल्या बाटलीतलं प्यायल्या. मग ते सगळं मी आणि समता तीन दिवस खात होतो." त्यांनी नाडी गच्च ओढली. "मी त्यांच्याकडे जाते, जेवते, ताट उचलून ठेवते. त्या अजूनही समताला न्यायला आल्या तर टॉवरच्या खालीच थांबतात. फोन करतात, समताला खाली पाठवा."

मीही कोकणातलाच. असे एकाएकी लागलेले उपास मी आमच्या घरातही पाहिलेत, आणि कोणता वार कुठल्या दाराशी गेल्यावर उपासाचा होतो, हे तिथे लहान पोरांनाही कळायचं. स्नायू धरला तर काय करायचं हे मला पक्कं माहीत आहे. यावर माझ्याकडे शेक नव्हता की मलम. मी एवढंच म्हणालो, "नाव काढून घेऊ का स्पर्धेतून?"

"मी नाही काढणार," त्या म्हणाल्या. "ज्यांना काढायचंय त्यांनी काढावं."

दहा-बारा दिवसांनी परबबाई जिना चढून आल्या. कोणाशी न बोलता पिशवी उचलली. तांबेबाईंनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"कुठला?"

"दोन्ही."

एवढ्यावर तह झाला. पण गोडवाही गेला आणि टोमणेही गेले. मी 'वाक्य' म्हणालो की परबबाई म्हणत, "आज मंगळवार आहे." तांबेबाई म्हणत, "उद्या बुधवार आहे." जोर अगदी योग्य होता, श्वास लयीत होता, फळ्यावर लिहिलेलं सगळं तंतोतंत पाळलं जात होतं. इतकी वाईट सकाळ मी जिममध्ये कधी काढली नाही. सकाळची वेळ घेतलेले लोक परत संध्याकाळी यायला लागले.

स्पर्धेआधीचा आठवडा आला. तो आठवडा हलका ठेवायचा असतो, म्हणजे साठलेला थकवा उतरतो आणि त्या दिवशी अंग ताजं राहतं. हे कोणालाच पटत नाही. परबबाई म्हणाल्या, "परीक्षा आली तर पोरांना पुस्तकं मिटायला सांगायचात काय हो शाळेत?" तांबेबाई म्हणाल्या, "विहीणबाई बरोबर बोलतायत." कित्येक दिवसांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध. मी ते पदरात पाडून घेतलं.

दादरच्या त्या हॉलमध्ये गाण्यांचा एवढा आवाज होता की छातीत दुसरं हृदय बसवल्यासारखं वाटत होतं. सगळीकडे गोंदवलेली तरुण मंडळी. आमच्या गटात चार जोड्या. दोन निवृत्त हवालदार बाया, चेहऱ्यानेच पहिल्या आलेल्या. एक शिवाजी पार्कातलं जोडपं, एकसारखे टी-शर्ट घातलेलं. दोन साडू. आणि आमच्या विहिणी. तांबेबाई पांढऱ्या शर्टात, कडक इस्त्री. परबबाई ट्रॅक पँटवर कुडता आणि ओढणी कमरेला आवळलेली. निखिल आणि समता बाजूला उभे. निखिल नखं खात होता, समता त्याचा हात तोंडातून काढत होती.

मी दोघींना जवळ घेऊन सांगितलं, "आधीच्या तीन कामांत रोजचाच जोर. कितीही आरडाओरडा होऊ दे. शेवटी गाडी ढकलायची आहे, दोघींनी मिळून. तिथे सगळा काढायचा. तिथे काहीही राखायचं नाही."

शिट्टी झाली. परबबाई मशीनवर बसल्या आणि असं वल्हं मारायला लागल्या की जणू मालवणला पोचायचंय आणि मागे वादळ आहे. गर्दी ओरडली, त्या आणखी चेकाळल्या. मी कठड्यावरून ओरडलो, "वाक्य! परबबाई, वाक्य!"

"नाय... जम... णार!"

"मग हळू!"

तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या तांबेबाई वाकून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, आज कोणता वार?"

परबबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हात मंदावले. एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आज रविवार आहे आणि मी मरायला आलेली नाय."

वाक्य पूर्ण होतं. तिथून सगळं सुरळीत झालं. खोकी झाली, पिशव्या झाल्या, एक काम करताना दुसरी वार विचारत होती आणि पंच गोंधळून माझ्याकडे बघत होता. साडू मधेच बसले. टी-शर्टवालं जोडपं खोक्यापाशी थांबून भांडत होतं, कोणी किती मोजलं यावरून.

मग गाडी. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोघींनी खांदे लावले. मी ओरडलो, "आता बोलायचं नाही! फक्त ढकला!"

गाडी करकरत निघाली. निम्म्यात जाऊन थांबली. अंगातलं सगळं संपतं तो क्षण मी पुष्कळ लोकांचा पाहिलाय. पाय जमिनीवर घासतात, मान खाली जाते, डोळ्यांना काही दिसेनासं होतं. त्या अवस्थेत माणूस आईचं नाव घेतो, शिव्या देतो किंवा सोडून देतो. मी कठडा ओलांडून शेजारी पोचलो होतो म्हणून मला ऐकू आलं. परबबाई गाडीवर डोकं टेकून तुटक तुटक म्हणत होत्या, "तेव्हा... उपास... नव्हतो."

"माहितीय," तांबेबाई म्हणाल्या. "ढकला."

"नव्हतो... उपास..."

"अहो माहितीय! ढकला!"

"माका... लाज..."

"नंतर! नंतर लाज! आता ढकला!"

आणि गाडी सरकली. कशी ते मला विचारू नका. शास्त्राप्रमाणे दोघींमध्ये काही शिल्लक नव्हतं. गाडी वेडीवाकडी रेघेपलीकडे गेली आणि दोघी तिथेच फरशीवर बसल्या, एकमेकींच्या पाठीला पाठ टेकून. परबबाई रडत होत्या. गर्दीला वाटलं, आनंदाने. तांबेबाईंनी न वळता हात मागे नेऊन त्यांची नाडी धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायला लागल्या.

दुसरा नंबर आला. हवालदार बाया पहिल्या आल्या, त्यांच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नव्हती. मेडल गळ्यात पडलं. फोटोवाला म्हणाला, "आंटी, स्माइल." दोघींना ओठ हलवायचीही ताकद नव्हती.

बाहेर आल्यावर निखिल टॅक्सी बघायला लागला. लालबागची आधी की वरळीची, अशी चर्चा सुरू झाली. परबबाई फुटपाथच्या कठड्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला भूक लागलीय."

"हॉटेल बघूया ना, आई," निखिल म्हणाला.

"हॉटेल नको." त्या तांबेबाईंकडे न बघता, मेडलशी चाळा करत म्हणाल्या, "घरी काय आहे तुमच्या?"

समताने निखिलचा दंड धरला. तांबेबाईंनी पर्समधून घराची किल्ली काढली. "पाहुण्यांसारखं काही नाही. सकाळी निघण्याआधी डाळ-भात करून ठेवलाय. सुकटीची चटणी आहे."

"चालेल."

मलाही ओढून नेलं. लिफ्टमध्ये सगळे आकडे बघत उभे. घरात शिरल्यावर परबबाईंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नमस्कार केला, चप्पल कोपऱ्यात नीट ठेवली आणि टेबलाशी बसल्या. समताने गरम करून वाढलं. वाफाळता भात, त्यावर डाळ, बाजूला चटणी. सगळे थांबले होते. मीही घास हातात घेऊन थांबलो होतो.

परबबाईंनी भात कालवायला हात पुढे केला आणि हात थरथरायला लागला. मन भरून आलं होतं म्हणून नव्हे. इतकं वल्हं मारल्यावर, इतकं ढकलल्यावर कोणाचाही हात असाच हलतो. घास उचलला, तोंडापर्यंत येईतो सगळा खाली सांडला. पुन्हा उचलला, अर्धा कुडत्यावर गेला. त्यांनी डावा हात उजव्याला धरला, तर दोन्ही हलायला लागले. त्या घाबरून आमच्याकडे बघायला लागल्या, की आता याचाही अर्थ कोणी भलता घेईल.

तांबेबाई उठल्या. त्यांचाही हात थरथरत होता, पण इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचा हात तो. स्वयंपाकघरातून मोठा चमचा आणला, खुर्ची ओढून शेजारी बसल्या, परबबाईंच्या गळ्याखाली नॅपकिन खोवला, भात कालवला आणि चमचा पुढे केला.

"तोंड उघडा, विहीणबाई."

परबबाईंनी तोंड उघडलं. घास सावकाश चावला, गिळला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्या बीपीला तेवढंच पुरे," तांबेबाई म्हणाल्या, आणि पुढचा चमचा भरला.